घरचा म्युझिक सर्व्हर: आवाज नेमका कुठे सुधारतो?

रत्नागिरीतल्या थिबा राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव होतो. तिथे प्रत्यक्ष ऐकलेला गवई घरी येऊन मोबाईलवर शोधायचा, ब्लूटूथ स्पीकरवर लावायचा आणि मग विचारायचं: तोच गळा इथे इतका चपटा का वाटतो? तंबोरा कुठे गेला? तबल्याची चाट बोथट का झाली? प्रत्यक्ष मैफल आणि तिचं ध्वनिमुद्रण यांत अंतर राहणारच. पण ज्यांच्या घरी अजून सीडी प्लेअर चालू आहे ती माणसं सांगतात, की त्याच गवयाची सीडी लावली की तंबोरा पुन्हा ऐकू येतो. म्हणजे वाटेत कुठेतरी काहीतरी गळतंय. मग कोणी तरी सुचवतं, ‘घरात म्युझिक सर्व्हर बसवा, आवाज सुधारेल.’

हे अर्धंच खरं आहे. सर्व्हर स्वतः आवाज सुधारत नाही. तो गाण्याची अस्सल प्रत जपतो आणि ती जशीच्या तशी पोचवतो. आवाज घडतो किंवा बिघडतो तो तीन जागी: मूळ प्रतीत, आकड्यांचा आवाज होतो त्या यंत्रात आणि तुमच्या खोलीत. हे एकदा नीट समजलं की पैसे कुठे घालायचे आणि कुठे मुळीच घालायचे नाहीत, ते आपोआप कळतं.

१. सर्व्हर म्हणजे काय

म्युझिक सर्व्हर हा घरातलाच एक छोटा संगणक. तुमची सगळी गाणी त्याच्या डिस्कवर असतात आणि मागणी येईल त्या खोलीत तो ती घरच्या वायफायवरून किंवा वायरीवरून पोचवतो. इंटरनेट बंद असलं तरी त्याचं काही अडत नाही, कारण गाणं घरातल्या घरातच फिरत असतं. ऐकण्याच्या टोकाला दुसरं छोटं यंत्र लागतं, त्याला प्लेअर म्हणू. सर्व्हरकडून आलेली फाइल उलगडायची आणि ॲम्प्लिफायरकडे द्यायची, एवढं त्याचं काम. तुमचा मोबाईल या मांडणीत फक्त रिमोट असतो. गाणं मोबाईलमधून जातच नाही, त्यामुळे मध्येच फोन आला तरी आलाप तुटत नाही.

सर्व्हरसाठी घरात पडलेला जुना लॅपटॉप चालतो. नवीन घ्यायचं तर रास्पबेरी पाय पुरेसा आहे. हा तळहाताएवढा संगणक ब्रिटनमध्ये २०१२ साली निघाला. त्याच्या साध्या वापराला पंखा लागत नाही, त्यामुळे ऐकण्याच्या खोलीत ठेवला तरी घरघर नाही. त्यावर चालणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. माझी पसंती लिरियन म्युझिक सर्व्हरला. स्लिम डिव्हायसेस नावाच्या अमेरिकन कंपनीनं ते सुरू केलं, २००६ मध्ये लॉजिटेकनं ती कंपनी घेतली आणि २०१२ मध्ये त्यावर चालणारी स्क्वीझबॉक्स यंत्रं बंद केली. सॉफ्टवेअर मात्र खुलं होतं, म्हणून वापरणाऱ्यांनीच ते जिवंत ठेवलं. त्याचा एक गुण कोकणातल्या घराला फार सोयीचा आहे. ओटी, माजघर आणि स्वयंपाकघर अशा तिन्ही ठिकाणी प्लेअर ठेवले तर तिन्हीकडे तेच गाणं एकाच वेळी, मागेपुढे न होता वाजतं. सकाळचं भजन घरभर हवं असेल तर याहून चांगली सोय नाही. व्हॉल्युमिओ आणि मूड हे पर्यायही चांगले आहेत.

२. एका मिनिटाचं गाणं म्हणजे किती आकडे

संगणक आवाज साठवत नाही, आकडे साठवतो. आवाज म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. त्या दाबाची ठरावीक अंतरानं नोंद घेत गेलं की आकड्यांची रांग तयार होते. सीडीसाठी ही नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा घेतात. हाच आकडा का? माणसाचा कान फार तर सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो आणि एखादं कंपन पकडायचं तर त्याच्या दुपटीहून अधिक नोंदी लागतात. थोडी मोकळीक ठेवून ४४,१०० ठरले.

प्रत्येक नोंद १६ बिटांत लिहिली जाते. बिट म्हणजे शून्य किंवा एक. अशा १६ जागांत ६५,५३६ वेगवेगळे आकडे मावतात, म्हणजे दाबाच्या तेवढ्या पायऱ्या. आता हिशेब करू. ४४,१०० नोंदी, प्रत्येकी १६ बिट, डावा आणि उजवा असे दोन आवाज: सेकंदाला १४,११,२०० बिट. आठ बिटांचा एक बाइट, त्यामुळे एका मिनिटाला साधारण साडेदहा एमबी आणि एका तासाला ६३५ एमबी. सीडीच्या दर्जाचं गाणं म्हणजे सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट, एवढा एक आकडा पुढच्या भागासाठी लक्षात ठेवा.

३. गळती कुठे होते

इंटरनेटवरून गाणं पाठवताना हे ओझं कमी करावं लागतं. एमपी३ आणि तिच्या जातीच्या पद्धती कानाला बहुधा जाणवणार नाही असा भाग काढून टाकतात. १२८ किलोबिटच्या फाइलीत मूळच्या अकराव्या हिश्श्याइतकेच आकडे उरतात. सिनेमाच्या दणदणीत गाण्यात हे लवकर लक्षात येत नाही. आपल्या रागसंगीतात मात्र येतं, कारण तिथे एकटा गळा आणि त्यामागे सतत झंकारणारा तंबोरा असतो. तंबोऱ्याची जवारी म्हणजे वरच्या कंपनांची गर्दी. काटछाट होते ती आधी तिथेच. तबल्याच्या थापेच्या क्षणभर आधी एक धुरकट सावलीही ऐकू येते. थाप अचानक पडते आणि ही पद्धत आवाजाचे छोटे तुकडे करून काम करते, म्हणून तुकड्यातली चूक थापेच्या मागेपुढे पसरते. ३२० किलोबिटला हे दोष इतके कमी होतात, की साध्या स्पीकरवर बहुतेकांना फरक सांगता येणार नाही.

ब्लूटूथ ही दुसरी गळती. फोनकडून स्पीकरकडे जाताना गाणं पुन्हा एकदा दाबलं जातं. नेहमीच्या एसबीसी पद्धतीत जास्तीत जास्त ३२८ किलोबिटच्या आसपास जातं. ॲपल म्युझिकनं २०२१ मध्ये काटछाट न केलेली गाणी द्यायला सुरुवात केली, पण तीच गाणी ब्लूटूथ स्पीकरवर लावली तर वाटेत काटली जातातच.

घरच्या सर्व्हरवर ही तडजोड करायची गरज नाही. तिथे फ्लॅक नावाची पद्धत वापरावी. ती २००१ पासून आहे. फाइल साधारण निम्म्यावर येते आणि उलगडली की मूळचा एकेक बिट परत मिळतो. तासाभराची ६३५ एमबीची सीडी साडेतीनशे-चारशे एमबीत बसते. ३०० सीडींचा संग्रह असला तरी १००-१२५ जीबी पुरतात. एक टीबीची डिस्क सामान्य घराला पुरून उरते.

२४ बिट आणि ९६ हजार नोंदींच्या ‘हाय-रेझ’ फाइली ऐकण्यासाठी विकत घ्याव्यात का? माझं मत, नको. १६ बिटांत अगदी हळू आणि अगदी मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर मावतं. रात्री शांत खोलीतही ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतोच आणि घरात कोणी ९० च्या वर फार वेळ ऐकत नाही. उरतं ६० डेसिबलचं अंतर. जून ते सप्टेंबर पत्र्यावर पाऊस वाजत असताना तर याहूनही बरंच कमी. ते पैसे स्पीकरसाठी ठेवा. २४ बिटांचा खरा उपयोग कॅसेट भरून घेताना होतो, त्याबद्दल पुढे येईलच.

४. नेटवर्कच्या वायरीनं आवाज बदलतो का

या प्रश्नावर लोकांचे सर्वाधिक पैसे वाया जातात, म्हणून इथे थोडं थांबू.

सर्व्हरवरून निघालेलं गाणं लहान लहान पुड्यांनी येतं. प्रत्येक पुडीवर तिचा क्रमांक असतो आणि आतला मजकूर तपासायची खूण असते. पुडी हरवली किंवा बिघडली तर प्लेअर ती पुन्हा मागून घेतो. पुड्या कधी भरभर येतात, कधी रेंगाळतात, पण त्या थेट स्पीकरकडे जात नाहीत. आधी त्या प्लेअरच्या स्मृतीत साठतात, या साठ्याला बफर म्हणतात. रत्नागिरीत नळाला पाणी ठरावीक वेळीच येतं, कधी जोरात, कधी करंगळीएवढ्या धारेनं. तरी छपरावरची टाकी भरलेली असेल तर न्हाणीतला नळ दिवसभर सारखाच चालतो. बफर ही तशी टाकी आहे. शेवटच्या तोटीतून आकडे काढण्याचा वेग प्लेअरचं स्वतःचं घड्याळ ठरवतं, पाठीमागच्या नेटवर्कची वायर ठरवत नाही.

हे घरीच करून पाहता येतं. गाणं सुरू करा, पंधरा-वीस सेकंद जाऊ द्या आणि प्लेअरमागची नेटवर्कची वायर काढून घ्या. गाणं काही सेकंद व्यवस्थित चालू राहील. त्या सेकंदांत वायर जोडलेलीच नाही. वायरीनं आवाजाचा पोत ठरत असता तर ती काढताच तो बदलला असता. तो बदलत नाही. टाकी रिकामी झाली की गाणं सरळ थांबतं. नेटवर्कचा दोष असाच दिसतो: गाणं अडखळतं किंवा बंद पडतं. ते ‘मऊ’, ‘कोरडं’ किंवा ‘उबदार’ होत नाही.

तेव्हा हजारो रुपयांची ‘ऑडिओ’ नेटवर्क केबल किंवा खास स्विच घेऊ नका. बाजारातली साधी कॅट-६ वायर १०० मीटरपर्यंत हे काम बिनचूक करते.

५. चिऱ्याची भिंत आणि वायफाय

सीडीच्या दर्जाला सेकंदाला दीड मेगाबिटही लागत नाही. अगदी साधं वायफाय त्याच्या कित्येक पट देतं. तरीही रत्नागिरीतल्या जुन्या घरांत गाणं अडखळतं, ते भिंतींमुळे. चिऱ्याची, म्हणजे जांभा दगडाची, भिंत नऊ इंच किंवा त्याहून जाड असते. जांभा सच्छिद्र असतो, पावसात तो पाणी धरतो आणि पाणी वायफायच्या लहरी शोषून घेतं. उन्हाळ्यात माजघरात नीट चालणारा प्लेअर आषाढात अडखळायला लागला, तर आधी भिंतीकडे पाहा.

राउटर बहुधा ओटीवर, वायर घरात शिरते तिथेच खिळलेला असतो. तिथून माजघर दोन भिंती आत. वायफायचे दोन पट्टे असतात. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, पण भिंतीला लवकर हार खाणारा. २.४ गिगाहर्ट्झचा सावकाश, पण भिंतीतून जास्त जाणारा. गाण्याला वेग लागत नाही, म्हणून प्लेअर २.४ वर जोडा. तरीही जमलं नाही तर एकदाच दाराच्या चौकटीच्या कडेनं कॅट-६ वायर ओढून घ्या. भिंत फोडायची गरज नाही. महागड्या राउटरपेक्षा ही वायर स्वस्त पडते आणि एकदा टाकली की तिच्याकडे पुन्हा बघावं लागत नाही.

६. आकड्यांचा आवाज होतो ती जागा

आता खऱ्या महत्त्वाच्या ठिकाणी येऊ. आकड्यांच्या रांगेवरून विजेचा चढउतार तयार करणाऱ्या यंत्राला डॅक म्हणतात. तो मोबाईलमध्ये असतो, टीव्हीत असतो, ब्लूटूथ स्पीकरमध्येही असतो. रास्पबेरी पायच्या हेडफोनच्या भोकातून येणारा आवाज अगदीच कामचलाऊ आहे, तो वापरू नये. त्यावर बसणारी वेगळी डॅकची पट्टी मिळते किंवा यूएसबीला जोडायचा छोटा डॅक घेता येतो. चांगला डॅक आता महाग राहिलेला नाही. काही हजारांतला डॅकही इतका स्वच्छ असतो, की त्यापुढचा खर्च कानाला क्वचितच कळतो. कळतो तो स्पीकरवरचा खर्च. हातात एकूण दहा रुपये असतील तर सहा-सात स्पीकरला आणि दोन ॲम्प्लिफायरला द्या. उरलेल्यात डॅक, प्लेअर, डिस्क सगळं बसवा.

याच जागी एक त्रास बऱ्याच घरांत होतो: सगळं जोडलं की स्पीकरमधून बारीक ‘घूं’ ऐकू येतं. आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, तोच हा आवाज. संगणक एका खोलीतल्या बोर्डावर, ॲम्प्लिफायर दुसऱ्या बोर्डावर आणि दोन्हींच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक असला, की तो फरक ऑडिओच्या वायरीतून वाहतो आणि स्पीकरमधून ऐकू येतो. कोकणात उन्हाळ्यात जांभ्याची जमीन कोरडी पडते, अर्थिंग आणखी कमजोर होतं आणि घूं वाढतं. प्लेअर, डॅक आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावर घ्या, बहुतेक वेळा तेवढ्यानं तो जातो. न गेला तर वायरमन बोलावून अर्थिंगचा खड्डा तपासून घ्या, पण ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका. ती तुमच्या जिवासाठी आहे.

घरात सर्व्हर ठेवण्याचा आवाजाला होणारा खराखुरा फायदा इथेच मिळतो. पंखेवाला, खडखडणारा संगणक दूरच्या खोलीत जातो आणि ऐकण्याच्या खोलीत फक्त मुका प्लेअर उरतो.

७. खोली

खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून ‘टर्रर’ असा शेपटासारखा आवाज आला तर तुमच्या भिंती गाण्यात स्वतःची भर घालतायत. टाइल्सची जमीन, गिलावा केलेली भिंत, काचेच्या खिडक्या असलेल्या नव्या फ्लॅटमध्ये हे हमखास होतं. उघड्या चिऱ्याची आणि लाकडी माळ्याची जुनी खोली पुष्कळदा बरी निघते.

उपाय घरातच आहेत. स्पीकर आणि तुमच्या मधल्या जमिनीवर जाड सतरंजी, खिडकीला जाड पडदा, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट. दोन्ही स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणा. त्या दोघांमधलं अंतर आणि तुमचं त्यांच्यापासूनचं अंतर साधारण सारखं ठेवा. वरचा लहान शंकू बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर आणा. शोकेसच्या वरच्या फळीवर ठेवलेला स्पीकर कितीही महाग असला तरी गवयाला छताशी टांगतो. मी कोणाच्या घरी गेलो की आधी स्पीकर खाली उतरवून ऐकवतो, कारण एवढ्या फुकट कामानं होणारा फरक कुठलंही नवं यंत्र देत नाही.

८. सीडी, कॅसेट आणि तव्यांतलं गाणं सर्व्हरवर आणणं

सीडी भरून घेणं सोपं आहे. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे फुकट सॉफ्टवेअर वापरा. शंका आली तर ते सीडीचा तोच भाग पुन्हा पुन्हा वाचतं आणि आलेले आकडे जगभरात इतरांनी त्याच सीडीतून काढलेल्या आकड्यांशी पडताळतं. जुळले तर तुमची प्रत निर्दोष. दमट हवेनं सीडीवर बुरशीचे डाग पडले असतील तर ओल्या मऊ कापडानं मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल फिरवून पुसलं आणि ओरखडा पडला तर तो आकड्यांच्या वाटेलाच समांतर जातो आणि जास्त नुकसान करतो.

खरं सोनं कॅसेटींत आहे. गणपतीतलं आजोबांचं भजन, गावच्या देवळातलं कीर्तन, नमनाचा गण, एखाद्या घरगुती मैफलीत कोणी सहज गायलेलं नाट्यपद: हे जगात दुसरीकडे कुठेही नाही, कोणत्याही ॲपवर कधी येणार नाही. आणि ते दरवर्षी थोडं थोडं विरतंय. कॅसेटच्या खिडकीतून पाहा. फितीच्या कडेला पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी आहे.

काम असं करा. कॅसेट डेक शक्यतो चांगल्या अवस्थेतला मिळवा, तुमचा नसेल तर ओळखीत विचारा. फीत जिथे घासून जाते तो धातूचा हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेल्या कापसाच्या काडीनं पुसा. काडीवर तपकिरी डाग येतो, ती आधीच्या फितींची झड असते. डाग यायचा थांबेपर्यंत पुसत राहा. मग कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेली वेटोळी सुटतात.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात. हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो, तो हेडचा कोन ठरवतो. तुमची कॅसेट ज्या टेपरेकॉर्डरवर भरली गेली, त्याचा कोन तुमच्या डेकपेक्षा किंचित वेगळा असू शकतो आणि तेवढ्यानंही वरचा सगळा आवाज मऊ, घोंगडीखाली दबल्यासारखा येतो. स्क्रूच्या आधीच्या जागेची खूण करून ठेवा, मग कॅसेट चालू ठेवून तो अगदी केसभर इकडेतिकडे फिरवा. फितीची खरखर आणि टाळांची किणकिण एकाच वेळी तीक्ष्ण होते, ती जागा बरोबर. काम झालं की आधीची खूण पाहून स्क्रू परत जागी आणा.

लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर खुपसू नका. लाइन-इन असलेला यूएसबी इंटरफेस घ्या आणि ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये २४ बिट, ४८ हजार नोंदींवर भरा. सगळ्यात मोठा आवाज उणे सहा डेसिबलच्या वर जाणार नाही इतकी पातळी ठेवा. २४ बिट इथे उपयोगी पडतात: पातळी सावधपणे कमी ठेवली तरी हळू आवाज आकड्यांत हरवत नाहीत.

भरलेल्या मूळ फाइलीवर खरखर घालवण्याचं कोणतंही बटण चालवू नका. खरखर ओळखणारं सॉफ्टवेअर सतत चालणाऱ्या बारीक आवाजाला खरखर समजतं आणि तंबोराही तसाच सतत असतो. खरखरीबरोबर जवारी जाते. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा, साफसफाई दुसऱ्या प्रतीवर करून पाहा. गाण्याआधीचं बोलणं, ‘जरा पाणी द्या’ असं कोणी म्हटलेलं, तेही कापू नका.

७८ फेऱ्यांच्या ग्रामोफोन तव्यांचं काम वेगळं आहे. भारतात तव्यांसाठीची पहिली ध्वनिमुद्रणं १९०२ मध्ये कलकत्त्यात झाली, त्यांत गौहरजानचं गाणंही होतं. त्या जातीच्या तव्यावर एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावतात आणि त्याची खोबण एलपीपेक्षा रुंद असते. एलपीच्या सुईनं तो वाजवला तर आवाज वाईट येतोच, शिवाय सुई खोबणीच्या तळाशी घासते. घरात तवे असतील तर त्यासाठीची रुंद सुई मिळवा किंवा जाणकारांकडून भरून घ्या. मुंबईतली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही १९९० मध्ये सुरू झालेली संग्राहकांची संस्था याच विषयाला वाहिलेली आहे.

हे सगळं स्वतःच्या घरच्या संग्रहातून, स्वतःच्या ऐकण्यासाठी. भरलेल्या प्रती विकणं किंवा इंटरनेटवर टाकणं हा वेगळा आणि कायद्याचा विषय आहे.

९. नावं लावणं

सॉफ्टवेअर मुख्यतः गायक, अल्बम आणि गाणं विचारतं. सिनेमाच्या गाण्याला ते पुरतं, आपल्या गाण्याला अपुरं पडतं. एक उदाहरण रत्नागिरीचंच घेऊ. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना त्यांनी ‘संन्यस्त खड्ग’ हे नाटक लिहिलं, ते १९३१ मध्ये दीनानाथ मंगेशकरांच्या बळवंत मंडळीनं रंगभूमीवर आणलं आणि त्यातल्या पदांना वझेबुवांच्या चाली होत्या. पुढे तीच पदं इतर गायकांनीही गायली. एका पदाला आता किती नावं चिकटतात पाहा: नाटक, नाटककार, चाल देणारा, मूळ गायक, आत्ता ऐकतोय तो गायक, राग.

माझी शिफारस अशी. अल्बमच्या जागी नाटकाचं नाव, कंपोझरच्या जागी चाल देणाऱ्याचं, आर्टिस्टच्या जागी प्रत्यक्ष गाणाऱ्याचं आणि जॉनरच्या जागी राग लिहा. राहिलेलं सगळं टिपणाच्या रकान्यात. मग ‘भीमपलास’ शोधलं की ख्याल, नाट्यपद आणि अभंग एका ओळीत समोर येतात, आणि बहुतेक ॲप हे करत नाहीत. नावं एकाच लिपीत लिहा. अर्धी देवनागरीत, अर्धी रोमनमध्ये असतील तर शोध अर्धाच लागतो.

आणखी एक बारीक गोष्ट तपासा. रागाच्या सीडीत पुष्कळदा विलंबित आणि द्रुत हे दोन ट्रॅक असतात, पण गाणं अखंड असतं. काही प्लेअर दोन ट्रॅकच्या मध्ये क्षणभर गप्प होतात आणि तंबोरा तुटतो. लिरियनमध्ये हे होत नाही. दुसरं काही घेणार असाल तर विकत घेण्याआधी अशी सीडी लावून ऐका.

१०. वीज, पाऊस आणि राखण

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्याच्या आधी वळीव आणि नंतर परतीचा पाऊस, दोन्ही विजांसकट. यंत्रांचं मरण बहुधा या दोन टोकांना होतं. आकाश गडगडायला लागलं की प्लग उपसून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. फायबरच्या काचेतून वीज येत नाही हे खरं, पण राउटरचा ॲडॉप्टर विजेच्या बोर्डाला जोडलेलाच असतो आणि त्यातून नेटवर्कच्या वायरीत, तिथून सर्व्हरमध्ये झटका जाऊ शकतो.

वीज अचानक जाते तेव्हा सर्व्हर लिहिण्याच्या मध्यावर असेल तर त्याचं मेमरी कार्ड बिघडतं. सर्व्हर आणि राउटर छोट्या यूपीएसवर घ्या. प्लेअरसाठी पायकोअरप्लेअर ही प्रणाली वापरा. ती सुरू होताना पूर्ण स्मृतीत चढते, कार्डावर सतत लिहीत नाही, त्यामुळे दिवसातून चार वेळा वीज गेली तरी तिचं काही बिघडत नाही.

आणि प्रती. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे कित्येक घरांची छपरं गेली आणि वीज कित्येक दिवस नव्हती. अशा वेळी घरातल्या दोन डिस्क एकाच कपाटात असतील तर त्या एकच समजाव्यात. तीन प्रती ठेवा: एक सर्व्हरवर, दुसरी घरातच हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह, तिसरी दुसऱ्या गावात. कोकणात ही तिसरी सोय आयती आहे. मुंबई-पुण्याचे चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला घरी येतात. दर खेपेला नव्यानं भरलेली डिस्क त्यांच्याबरोबर द्या, जुनी परत घ्या. प्रत्येक फ्लॅक फाइलीत मूळ आकड्यांची तपासणीची खूण लिहिलेली असते. वर्षातून एकदा सगळ्या फाइली त्या खुणेशी ताडून पाहा, बिघडलेली लगेच कळते आणि दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्त करता येते.

सुरुवात कशापासून करायची, याचा क्रम ठरलेला ठेवा. आधी घरच्या कॅसेटी, त्यातही हातानं नाव लिहिलेल्या. मग बाजारात पुन्हा न मिळणारे तवे आणि सीडी. ॲपवर सहज मिळणारी गाणी सगळ्यात शेवटी. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, तेव्हा डेक साफ करून घ्या आणि पाऊस लागायच्या आत निदान त्या हातानं नाव लिहिलेल्या कॅसेटी भरून संपवा.